झिंग्यांची मोजदाद कोण करणार?

वर्धा जिल्ह्यात कापसाच्या पिकाची चर्चा पेरणीपासूनच सुरू होते. पाऊस किती झाला, बोंडे किती धरली, एकरी उतारा काय पडेल, याचे अंदाज पारावरच्या गप्पांपासून बाजार समितीपर्यंत सर्वत्र बांधले जातात. सरकारही गावोगावची पैसेवारी काढते आणि तिच्या आधाराने सवलतींचे निर्णय घेते. जमिनीतून काय निघणार हे आधी जोखावे आणि मग व्यवहार ठरवावा, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणास नवल वाटत नाही. परंतु त्याच जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात, मासळीच्या ओळीत, ओल्या झिंग्यांचे वाटे आणि सुक्या जवळ्याची पोती मांडलेली असतात. गिऱ्हाईक भाव विचारते, ताजेपणा पाहते आणि पुढे जाते. हा माल ज्या पाण्यातून आला त्या पाण्यात मागे किती उरले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हा प्रश्न केवळ खवय्यांचा नाही. ज्यांची चूल जाळ्यावर पेटते अशा भोई, ढिवर आणि कोळी कुटुंबांचा तो प्रश्न आहे. स्वस्तातले प्रथिन म्हणून मूठभर सुकट कालवणात टाकणाऱ्या गरीब घरांचाही तो आहे. शिवाय अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, मालकी कोणाचीच नाही पण उपसा सर्वांचा आहे अशा संपत्तीचे काय करावे, या जुन्या आणि अवघड कोड्याचे झिंगा हे एक नमुनेदार उदाहरण आहे.

न दिसणारे पीक

उभ्या पिकाचा अंदाज डोळ्यांनी घेता येतो. पाण्याखालचा साठा दिसत नाही. तो जाळ्यात आलेल्या मालावरूनच ताडावा लागतो. आणि येथेच पहिली फसगत होते. समजा, एका खाडीत दहा होड्या आहेत आणि प्रत्येकीला दिवसाला १०० किलो कोळंबी मिळते. एकूण पकड १,००० किलो झाली. होड्या वीस झाल्या आणि प्रत्येकीला ६० किलो मिळू लागले, तर एकूण पकड १,२०० किलोंवर जाते. उत्पादन वाढले म्हणून अहवालात समाधान व्यक्त होते. पुढे होड्या तीस होतात, प्रत्येकीच्या वाट्याला ३५ किलो येतात आणि एकूण पकड १,०५० किलोंवर उतरते. याचा अर्थ असा की दुसऱ्या दहा होड्यांनी मिळून अवघ्या २०० किलोंची भर घातली आणि तिसऱ्या दहांनी तर १५० किलोंची घटच केली. मात्र प्रत्येक होडीवाल्याचा हिशेब वेगळा असतो. ३५ किलोंच्या विक्रीतून डिझेल आणि मजुरी निघते तोवर त्याला थांबण्याचे कारण दिसत नाही; आपण थांबलो तर उरलेला माल शेजारी नेईल, हेही त्याला ठाऊक असते.

हे कोडे स्कॉट गॉर्डन या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले. त्याच वर्षी मिल्नर शेफर या मत्स्यशास्त्रज्ञाने पकड आणि श्रम यांच्या आकड्यांवरून साठ्याचा अंदाज करण्याची रीत दिली. या दोघांच्या विचारांतून निघालेला मुख्य निष्कर्ष आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकूण पकडीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो किती होड्यांनी, किती तासांत, कोणत्या जाळ्याने मिळवला हे कळले, तरच साठ्याची प्रकृती कळते. ताप मोजताना नुसते अंग गरम आहे असे म्हणून भागत नाही, तसेच हे आहे.

झिंग्याचे वय कसे ओळखावे?

माशाच्या कानातील बारीक हाडावर किंवा खवल्यावर वाढीची वलये उमटतात. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यांवरून वय काढता येते. कोळंबीची गोष्ट निराळी आहे. ती वारंवार कात टाकते, आणि कातीबरोबर वयाची खूणही टाकून देते. म्हणून शास्त्रज्ञांना हजारो कोळंब्यांची लांबी मोजावी लागते, महिन्यामागून महिने त्या लांबीचे गट कसे सरकतात हे पाहावे लागते आणि त्यावरून वाढीचा वेग व मृत्यूचे प्रमाण काढावे लागते. मादीच्या पाठीच्या कवचातून अंडाशयाचा रंग दिसतो. त्यावरून विणीचा हंगाम समजतो. डॅनियल पॉली आदी संशोधकांनी १९८० च्या सुमारास लांबीच्या आकड्यांवरून हे गणित करण्याच्या पद्धती संगणकासाठी बसवल्या आणि उष्ण कटिबंधातील गरीब देशांना ते आवाक्यात आले.

या गणिताचा एक ढोबळ निकष सामान्य वाचकालाही समजण्यासारखा आहे. वर्षभरात मेलेल्या शंभर कोळंब्यांपैकी किती जाळ्यात मेल्या आणि किती नैसर्गिक कारणांनी, हे पाहायचे. जाळ्याचा वाटा निम्म्याहून अधिक झाला तर उपसा जास्त होत आहे असे मानायचे. जॉन गलँड या मत्स्यशास्त्रज्ञाने १९७१ साली सुचवलेला हा ठोकताळा सर्वमान्य नाही. तथापि दिशा दाखवण्यास तो पुरेसा आहे.

अडचण अशी की आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक कोळंब्यांचे आयुष्य एक-दोन वर्षांचेच असते. मादी समुद्रात लाखांच्या घरात अंडी घालते, पिले खाड्यांत आणि खारफुटीत वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्राकडे वळतात. एखाद्या वर्षी पाऊस, क्षारता आणि खाडीचे पाणी जमले तर पीक भरघोस येते. न जमले तर बुडते. म्हणजे गेल्या वर्षीच्या मोजणीवरून पुढच्या वर्षाचा कोटा टनांत ठरवावा, तर तो कोटा लागू होईपर्यंत मोजलेली पिढी संपलेली असते. कोळंबीच्या बाबतीत मर्यादा घालणे अवघड आहे, ते या कारणाने.

समुद्रकाठची मोजणी

तरीही समुद्रकिनाऱ्यावर मोजणी होते, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने देशभरच्या मासळी उतरवण्याच्या बंदरांसाठी नमुना पाहणीची पद्धत बसवली. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे भाग पाडायचे, त्यांतून दिवस निवडायचे, निवडलेल्या बंदरावर निरीक्षकाने दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा उभे राहायचे, रात्री उतरलेल्या मालाची चौकशी करून नोंद घ्यायची, असा तिचा साधा पण शिस्तीचा क्रम आहे. ससून डॉकच्या किंवा वर्सोव्याच्या गजबजाटात टोपलीतल्या कोळंब्या मोजत उभा राहणारा हा निरीक्षक वृत्तपत्रांत झळकत नाही. पण मत्स्यव्यवसायाचे जे काही शहाणपण देशापाशी आहे ते त्याच्या वहीतून आले आहे.

त्या वह्यांतून निघालेले चित्र मात्र गुंतागुंतीचे आहे. संस्थेच्या आकड्यांनुसार महाराष्ट्राची सागरी पकड २०१८ मध्ये २.९५ लाख टन होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर घसरली आणि हा ४५ वर्षांतील नीचांक ठरला. त्या वर्षी वादळांनी मासेमारीचे दिवस खाल्ले हे खरे. पण सर्व दोष वादळांच्या माथी मारता येत नाही. उलट पक्षी, २०२२ सालच्या देशव्यापी मूल्यमापनात तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के साठे सुस्थितीत आढळले. मग तक्रार कशाची? येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी एक भेद दाखवील. साठा जिवंत राहणे ही एक गोष्ट आणि त्या साठ्यावर माणसाचा संसार चालणे ही दुसरी. वरच्या उदाहरणातील तीस होड्यांची खाडी जीवशास्त्राच्या कसोटीवर कदाचित उत्तीर्ण होईल. परंतु ३५ किलोंवर जगणारा होडीवाला नापास झालेलाच असतो.

मर्यादा कशाची?

भारतात समुद्री मासळीवर टनांचा कोटा नाही. मर्यादा घातली जाते ती काळावर, साधनांवर आणि आकारावर. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. २०२१ मध्ये त्यातील दंड लाखांच्या घरात नेण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ २०१५ पासून ६१ दिवसांचा झाला. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये निर्बंध आले. २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून लहान मासळी पकडण्यास राज्याने मनाई केली; केरळने ही वाट आधीच चोखाळली होती.

केरळचा अनुभव येथे विसरता येणार नाही. १९५० च्या दशकातील इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पानंतर तेथे यांत्रिक नौका आल्या, गोठवलेल्या कोळंबीची निर्यात सुरू झाली आणि ट्रॉलर व पारंपरिक मच्छीमार समोरासमोर उभे ठाकले. पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवावेत, ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी; तर पावसाळ्यातच सापडणारी अल्पायुषी कोळंबी न पकडल्यास ती वाया जाईल, हा ट्रॉलरवाल्यांचा युक्तिवाद. समित्यांमागून समित्या बसल्या आणि शास्त्रज्ञांचे मतही एक नव्हते. अखेर १९८८ साली तेथे पावसाळी ट्रॉलरबंदी आली. यातून शिकण्यासारखे एवढेच की आकडे वाद मिटवत नाहीत. परंतु आकडे नसतील तर वाद केवळ ताकदीवर मिटतो.

महाराष्ट्राच्या डोळ जाळ्याचा पेच याहून नाजूक आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या या पिशवीसारख्या जाळ्यात जवळा, करंदी, बोंबील आणि पापलेटची पिले एकत्र येतात. पिले सुटावीत म्हणून आस मोठा केला तर जवळा हातचा जातो. जवळ्यासाठी आस बारीक ठेवला तर पिले मरतात. शिवाय जवळा हे बोंबलाचे अन्न. म्हणजे एकाच जाळ्यात भक्ष्य, भक्षक आणि उद्याचे पीक अशी तिन्ही अडकतात. वर्ध्याच्या बाजारातल्या जवळ्याच्या पोत्यामागे एवढे सगळे आहे. अशा ठिकाणी एका जातीसाठी काढलेला आकडा दुसऱ्या जातीवर अन्याय करू शकतो, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानी ठेवले पाहिजे.

बाहेरच्या जगातील दोन दाखले उद्बोधक आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्या नौका एके काळी अडीचशेहून अधिक होत्या. परवाने विकत घेऊन त्या ५२ वर आणल्या गेल्या. तेथे हंगामात पकडीच्या दरावर नजर ठेवतात आणि तो ठरलेल्या पातळीखाली उतरला की हंगाम आवरता घेतात. उद्दिष्टही अधिकाधिक टनांचे नसून अधिकाधिक निव्वळ उत्पन्नाचे आहे. दुसरा दाखला अमेरिकेच्या मेन आखाताचा. तेथील थंड पाण्याच्या कोळंबीचा साठा इतका ढासळला की २०१४ च्या हंगामापासून मासेमारीच बंद करावी लागली, आणि समुद्र तापत गेल्याने बंदीनंतरही साठा सावरेना. पहिला दाखला मर्यादेचे सामर्थ्य सांगतो. दुसरा तिची मर्यादा सांगतो. ऑस्ट्रेलियात अतिरिक्त नौका काढण्यासाठी पैसा होता. आपल्याकडे होडीबाहेर पडलेल्या कोळ्याला दुसरा रोजगार कोठला, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

वर्ध्याचे पाणी

आता किनाऱ्यावरून पुन्हा वर्ध्याकडे वळले पाहिजे, कारण खरी उणीव येथे आहे. समुद्रात मोजणी अपुरी असेल, पण ती आहे. नद्या आणि धरणे यांतील मासळीचे आकडे त्या मानाने फारच कच्चे असतात, हे मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. बोर, धाम, निम्न वर्धा यांसारख्या जलाशयांनी जिल्ह्यात पाणी अडवले. मासेमारी संस्थांना तलाव ठेक्याने देण्याची पद्धत आहे आणि कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली त्यांत सोडली जाते. सारा हिशेब पाण्याच्या क्षेत्राचा आणि सोडलेल्या बोटुकलीचा. पाण्यात उरलेल्या साठ्याचा नव्हे. पाच वर्षांचा ठेका घेणाऱ्या संस्थेला सहाव्या वर्षाची काळजी का वाटावी, हा प्रश्न कोणाच्या सचोटीचा नसून ठेक्याच्या रचनेचा आहे. आणि झिंगा तर या हिशेबात ‘इतर मासळी’ होऊन बसतो.

गोदावरीच्या खोऱ्यातील मोठ्या झिंग्याची जीवनकथा तर या कागदी हिशेबाच्या पलीकडची आहे. तो गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या अगदी लहान पिलांना वाढीसाठी मचूळ पाणी लागते. ती मुखाजवळच्या पाण्यात तग धरतात आणि थोडी मोठी झाली की प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. वर्धा नदी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरते. या वाटेवर धवळेश्वरमचा बंधारा सर आर्थर कॉटन यांच्या काळापासून, म्हणजे १८५२ पासून उभा आहे. प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये झाला. आणि खुद्द वर्धा नदीवर धरणे झाली. पिलांची वर चढण्याची वाट प्रत्येक भिंतीपाशी अडखळते. विदर्भातील ढिवराने आपल्या जाळ्याचा आस कितीही मोठा केला, तरी खाली अडलेले पिलू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. साठा एका नदीचा, पण नदी अनेक राज्यांची. म्हणून त्याची मोजणीही मुखापासून माथ्यापर्यंत एकत्र व्हायला हवी. तशी न करता एका जिल्ह्यात मर्यादा घालणे म्हणजे गळक्या हौदाची तोटी घट्ट करणे होय.

यावर एक आक्षेप संभवतो. निर्यातीची कोळंबी आता मुख्यतः तळ्यांत पिकवली जाते. २००९ पासून आलेल्या व्हेनामी जातीने आंध्रचा किनारा व्यापला आहे. मग नदीतल्या चार झिंग्यांची मोजदाद कशाला? याचे उत्तर असे की तळ्यातील कोळंबी भांडवलाची असते आणि नदीतील झिंगा भांडवल नसलेल्याचा असतो. पहिलीचा हिशेब तिचा मालक ठेवतो. दुसऱ्याचा समाजाने ठेवला नाही तर कोणीच ठेवत नाही.

कुमारप्पांचा धडा

वर्ध्याला तर हा धडा परका नसावा. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य येथील मगनवाडीतून चालवणारे डॉ. जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्रज्ञ होते आणि मोजणीवर त्यांची श्रद्धा होती. गुजरातमधील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडोपाडी फिरून केली. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या औद्योगिक पाहणीचे नेतृत्वही त्यांनी केले. कोळशासारख्या संपणाऱ्या साठ्यावर उभी असलेली अर्थव्यवस्था आणि वाहत्या, पुन्हा पुन्हा भरणाऱ्या संपत्तीवर उभी असलेली अर्थव्यवस्था, असा भेद त्यांनी केला होता. झिंगा हा दुसऱ्या प्रकारातला. आपण त्याला पहिल्या प्रकारात ढकलत आहोत, एवढाच या लेखाचा आरोप आहे.

उपाय खर्चिक नाहीत. ठेक्याच्या अटींत झिंग्यासह प्रत्येक जातीची पकड, जाळ्यांची संख्या आणि मासेमारीचे दिवस यांची नोंद सक्तीची करावी आणि ती नोंद चांगली ठेवणाऱ्या संस्थेला ठेक्याच्या नूतनीकरणात अग्रक्रम द्यावा. विणीच्या काळातील अंडीवाली मादी पाण्यात परत सोडण्याचा नियम संस्थांनी स्वतःच करावा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच, वापरणाऱ्यांनी स्वतः केलेल्या आणि स्वतः पाळलेल्या नियमांच्या अभ्यासासाठी. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी दर दहा दिवसांतून एकदा धरणाच्या काठावर आणि आठवडी बाजारात जाऊन लांबी, वजन, भाव आणि श्रम यांची नोंद घेतली, तर तीन-चार वर्षांत असा दस्तऐवज उभा राहील की जो सरकारलाही डावलता येणार नाही. फूटपट्टी, तराजू आणि वही याखेरीज त्याला फारसे साहित्य लागत नाही. लागते ते सातत्य.

मात्र मोजणी ढिवराला गुन्हेगार ठरवण्यासाठी आहे अशी शंका त्याच्या मनात आली, तर त्याच दिवशी खोटे आकडे सुरू होतील. पाण्याचे सर्वांत जुने ज्ञान त्याच्यापाशी आहे. कोणत्या डोहात, कोणत्या नक्षत्रात, केवढा झिंगा येतो हे तो कागदावाचून सांगू शकतो. त्या ज्ञानाला वहीची जोड देणे हे शिक्षकाचे आणि विद्यार्थ्याचे काम. वहीतल्या आकड्यांवरून न्याय्य नियम करणे हे शासनाचे. मर्यादा वरून लादली तर ती चुकवली जाते. स्वतः मोजून पटलेली मर्यादा पाळली जाते. कापसाच्या बोंडांइतकीच आस्था या जिल्ह्याने पाण्याखालच्या पिकाबद्दल दाखवली, तर आठवडी बाजारातला झिंग्यांचा वाटा पुढच्या पिढीलाही दिसेल. न दाखवली तर तो कधी नाहीसा झाला, याचीसुद्धा नोंद कोणापाशी असणार नाही.